झारी, तस्त आणि घरातला एकच टॉवेल

मी एक जुनी झारी आहे, मित्रांनो. झारी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर फुलझाडांना पाणी घालायची हिरवी प्लॅस्टिकची झारी आली असेल, तर ती आधी पुसून टाका. तिचा आणि माझा काही संबंध नाही. मी तांब्याची आहे. पोट गोल, मान बारीक, तोटी लांब आणि जराशी वाकडी, आतून चकचकीत कल्हई. जेवायला बसलेल्या पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालणे हे माझे काम. माझ्याखाली जे पसरट भांडे धरतात त्याला तस्त म्हणतात. हातांवरून ओघळलेले पाणी ते झेलते. स्वच्छ पाणी माझ्यात आणि मळके त्याच्यात, अशी आमची वाटणी आहे. इतक्या वर्षांत त्याने एकदाही तक्रार केलेली नाही. त्याच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतले असते.

पेणच्या एका तांबटाने आम्हा दोघांना घडवले. त्याच्या हातोडीचे ठोके अजून माझ्या अंगावर मोजता येतील. धरमतरच्या खाडीकाठच्या एका गृहस्थांनी आपल्या मुलीच्या लग्नासाठी आम्हाला विकत घेतले. ती मुलगी म्हणजे अजीजा. लग्न होऊन ती अष्टमी गावाला निघाली, तेव्हा ट्रंकेत माझी तोटी मावेना म्हणून मी तिच्या मांडीवर बसून आले. वडखळ येईपर्यंत ती रडत होती. पुढे गाडीला असे हिसके बसू लागले, की मला सांभाळता सांभाळता तिचे रडायचे राहूनच गेले. तेव्हापासून आमची मैत्री आहे. सगळी अष्टमी तिला अजीजाचाची म्हणते, पण मी तिला नुसते अजीजा म्हणते. एकत्र सासरी आलेल्यांना एवढा हक्क असतो.

अष्टमी म्हणजे कुंडलिका नदीच्या पलीकडचे रोहा म्हणा ना. मधे पूल आहे, आणि पुलाच्या दोन्ही बाजूंचे लोक आपलीच बाजू खरी असे मानतात. अजीजाच्या नवऱ्याचा, हसनचाचांचा, तांदळाचा व्यापार होता. स्वभाव असा, की रस्त्याने जाणाऱ्या माणसालाही हाक मारून जेवायला बसवतील. घराची रीत ठरलेली होती. पाहुणा दस्तरखानाशी, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडाशी, बसला की खुद्द हसनचाचा मला हातात घेत, कमरेत वाकत आणि त्याच्या हातांवर पाण्याची धार धरत. नोकराला किंवा मुलांना हे काम ते देत नसत. आणि त्यांच्या खांद्यावर असे एक पांढरा, लाल काठाचा टॉवेल. सगळ्यांनी त्या एकाच टॉवेलाला हात पुसायचे.

एकदा मुंबईच्या एका पाहुण्याने खिशातून स्वतःचा रुमाल काढला, तर हसनचाचांचा चेहरा उतरला होता. "या टॉवेलाला हात पुसले, म्हंजे मानूस घरचा झाला," असे ते म्हणत. मला ते फार आवडायचे. लग्नाकार्यात मोहल्ल्यातले लोक मला मागून नेत, माझे कौतुक करत, आणि मी भाव खात असे.

मग घरात भिंतीला पांढरे बेसिन आले. त्याच्यावर आरसा, शेजारी दाबायच्या साबणाची बाटली. हसनचाचांचा मुलगा नावेद कुवेतला नोकरीला लागला, त्याने पहिल्या सुट्टीत ते हौसेने बसवले. पाहुणे उठून बेसिनकडे जाऊ लागले. टॉवेल तेवढा बेसिनजवळच्या खिळ्यावर गेला आणि त्याचा मान टिकला. माझी मात्र शोकेसमध्ये रवानगी झाली. बरे, तिथे तरी सुखाने राहू द्यावे! नावेदच्या बायकोने, हफ्साने, माझ्यात प्लॅस्टिकचे गुलाब खोचले. हफ्सा मनाने फार चांगली आहे, पण त्या गुलाबांसाठी मी तिला बरेच दिवस क्षमा केली नव्हती. पुढे गुलाब धुळीने करडे झाले आणि तस्ताला नि मला माळ्यावर टाकण्यात आले. तिथे मी रुसून बसले आणि काळी पडले.

आणि मग करोना आला, मित्रांनो.

माळ्यावरून मला फारसे दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. पुलावरची वर्दळ थांबली. रोह्याच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या गाड्या थांबल्या. नावेद आणि हफ्साची मुलगी सिदरा तेव्हा पाचवीत होती. तिची शाळा मोबाइलमध्ये भरू लागली. हसनचाचांना जुना दमा. डॉक्टरांनी अजीजाला स्वच्छ सांगितले होते, "चाचांची छाती आधीच कमजोर आहे. हा आजार त्यांना झाला तर सांभाळणं कठीण जाईल. घरात येणाऱ्यांवर लक्ष ठेवा." त्या दिवसापासून अजीजाच्या मनात एकच भीती होती. ती बोलून दाखवत नसे, पण रात्रंदिवस तिचा कान हसनचाचांच्या श्वासाकडे असे.

आता अडचण अशी, की बेसिन घराच्या आत. दूधवाला, भाजीवाला, कुणीही आला तरी हात धुवायला त्याला सगळे घर ओलांडून आत यावे लागे. यावर अजीजानेच उपाय काढला. तिने मला आणि तस्ताला माळ्यावरून उतरवले, चिंच आणि मीठ लावून असे घासले, की मलाच माझी ओळख पटेना. बाहेरच्या ओटीवर एका स्टुलावर आमची स्थापना झाली. शेजारी साबण. प्लॅस्टिकचे गुलाब कचऱ्यात गेले. त्या दिवशी मी किती खूश होते हे सांगायला माझ्या तोटीतून शब्द फुटत नाहीत.

माझ्याहून खूश झाले हसनचाचा. घरात बसून कंटाळलेल्या माणसाला आवडीचे काम परत मिळाले, आणि टॉवेलही खिळ्यावरून त्यांच्या खांद्यावर परत आला. साबण नीट चोळला जावा म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. "घरातल्या सगल्यांची नावं घे. नावं संपली की पानी." नदीकाठच्या वाडीवरून केरू खेकडे विकायला येई. तो हात चोळत बायकोपासून सुरू करायचा, "आवडी, रमेश, शीतल, शीतलचा नवरा, रमेशची पोरं..." आणि शेवटी शेळ्यांवर यायचा. केरूइतके स्वच्छ हात साऱ्या रोहा तालुक्यात कुणाचे नसतील! शेजारचे दाजी एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या घरी ते आणि बायको दोघेच, म्हणजे दोन नावांत काम आटोपायचे. म्हणून ते गाडीचे थांबे म्हणत. "रोहा, नागोठणे, वडखळ, पेण... बास का हसनभाय, का परत रोह्याला येऊ?"

"परत या, दाजी. अंगठा र्‍हायला!"

ओटीवर असा हशा चाले. मी पोटभर पाणी भरून घेत होते आणि रिकामी होत होते. तस्त मुकाट्याने फेस झेलत होते.

पण मित्रांनो, एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात येत नव्हती. माझ्याही नाही. हात धुऊन झाले की हसनचाचा खांद्यावरचा तो लाल काठाचा टॉवेल पुढे करत. दूधवाल्यापुढे, केरूपुढे, दाजींपुढे, सगळ्यांपुढे तोच टॉवेल. लोक त्यालाच हात पुसत, गरमीने कुणी तोंडही पुसत. मग तो टॉवेल परत हसनचाचांच्या खांद्यावर, आणि घाम आला की त्यांच्याही तोंडावर. मास्क होता, पण तो हनुवटीखाली. "दाढीला थंडी वाजते काय?" असे अजीजा विचारायची, की तेवढ्यापुरता वर जायचा.

टॉवेलाचे आधी तिच्याच लक्षात आले. तिने दोनदा सांगून पाहिले. हसनचाचा म्हणाले, "हात धुतलेले हायत ना? मग भीती कसली? साबनाने सगलं मरतं."

अजीजा वाद घालणारी बाई नव्हे. ती पेणकडची आहे. पेणला गणपतीच्या मूर्तींचे कारखाने, आणि मुकुटाला लावायची सोनेरी चमकी तिकडे कागदाच्या पुड्यांत मिळते. सिदराने हस्तकलेसाठी आणलेली एक पुडी घरात होती. एके सकाळी अजीजाने त्यातली चिमूटभर चमकी तळहाताला चोळली, ओटीवर आली, टॉवेलाला हात पुसले आणि आत भाकऱ्या करायला गेली. सिदराला तेवढे दिसले. ती तोंडावर हात दाबून दाराआड उभी राहिली.

दुपारी दाजींनी कुंपणापलीकडून हाक मारली, "अहो हसनभाय, माझ्या मिशीला सोनं लागलंय! बायको विचारते, नाटकात काम धरलंत का?"

हसनचाचा हसायला लागले. सिदराने त्यांच्यापुढे आरसा धरला. त्यांच्या पांढऱ्या दाढीत चमकी, नाकावर चमकी, पापणीवरसुद्धा एक कण. तेवढ्यात खेकड्यांची राहिलेली टोपली न्यायला केरू आला. त्याच्या कपाळावर चमकी होती आणि तो म्हणाला, "चाचा, आवडी हसतंय मला. पोरांच्या गालावर पन हाय. ह्ये काय लागलंय?"

हसनचाचांचे हसणे थांबले. अजीजा दारात आली. हाताला पीठ तसेच होते.

"सकाली मी एकटीने लावली होती," ती म्हणाली. "ही दिसते तरी. तो दिसत नाय."

मग हसनचाचा हळूच म्हणाले, "दाजीला टॉवेल दिला नाय तर त्याला काय वाटंल गो? एवढ्या वर्षांचा शेजार."

"वाटूं दे. मला तुम्ही पायजेत."

अजीजाला त्यांच्याशी इतके सरळ बोलताना मी पहिल्यांदाच ऐकले. हसनचाचा मान खाली घालून बसले. दुसऱ्या दिवसापासून ओटीवर हात झटकून वाऱ्यावर सुकवायची पद्धत सुरू झाली. हात धुवायला जो आला तो स्वतःच मला उचलायचा आणि नंतर अजीजा माझी मूठ साबणाने धुवायची. हसनचाचा दूर दारात बसून नावे मोजायचे. मास्कही नाकावर गेला. दाजींना काही वाटले नाही. ते म्हणाले, "बरं झालं, तुमचा टॉवेल खरखरीतच होता."

पण टॉवेल हसनचाचांच्या खांद्यावरच राहिला. त्यांनी अजीजाला बजावले होते, "बाहेरच्यांना नाय देनार. पन नावेद येईल तेव्हा त्याला देनार. तो बाहेरचा नाय."

नावेद येणार होता. कुवेतचे काम थांबले होते, बऱ्याच खटपटीनंतर विमानात जागा मिळाली होती. दोन वर्षे त्याने घर पाहिले नव्हते. मुंबईला काही दिवस त्याला हॉटेलात वेगळे ठेवले आणि उरलेले दिवस घरी वेगळे राहायला सांगितले. बाहेरून जिना असलेली माडीवरची खोली हफ्साने झाडून तयार केली. सिदराने दारावर 'पप्पा, वेलकम' असे लिहून कागद चिकटवला. अजीजा मात्र आनंदात असूनही सारखी नवऱ्याकडे बघत होती. कुवेतहून आलेला मुलगा दारात आला, की बापाने त्याच्या हातांवर पाणी घालायचे, टॉवेल द्यायचा आणि छातीशी धरायचे, अशी या घराची रीत. ती रीत हसनचाचा मोडतील असे कुणालाच वाटत नव्हते.

नावेदची गाडी आली ती उन्हे कलताना. तो फाटकाबाहेर उभा राहिला. तोंडावर मास्क, डोळे मात्र भरलेले. सिदरा धावत सुटली, तर हफ्साने तिला कमरेला धरून मागे ओढले. ती रडायला लागली. हसनचाचा मला आणि साबणासह तस्ताला हातात घेऊन अंगणातून चालू लागले. अजीजा ओटीवर उभी होती. तिने अडवले नाही, हाकही मारली नाही.

अंगणाच्या कडेला दगडी गडगा आहे. हसनचाचा तिथवर गेले आणि थांबले. मुलगा चार पावलांवर होता. त्यांनी मला गडग्यावर ठेवले, शेजारी तस्त ठेवले, साबण ठेवला. आणि ते मागे सरकले. पुन्हा मागे सरकले. पार ओटीपर्यंत.

"घे, बाबा," ते म्हणाले. "तुझं तूच घाल पानी."

नावेदला ते सवयीचे नव्हते. एका हाताने मला तिरपे करायचे आणि दुसरा हात धुवायचा, मग हात बदलायचा. त्याचे अर्धे पाणी चपलांवर गेले. हात धुऊन झाले आणि त्याने सवयीने वर पाहिले. हसनचाचांचा हात आपोआप खांद्याकडे गेला. टॉवेल अर्धा खाली आला. मग त्यांनी तो मुठीत घट्ट धरला.

"वाऱ्यावर सुकव," ते म्हणाले, आणि त्या टॉवेलाने त्यांनी फक्त स्वतःचे डोळे पुसले.

माझ्या मुठीला आता नावेदचा हात लागला होता. म्हणून तस्ताची आणि माझीही रवानगी त्याच्याबरोबर माडीवर झाली. थोडक्यात, मित्रांनो, मीही विलगीकरणात राहिलेली आहे. माळ्याच्या मानाने सोय चांगली होती. खिडकीतून अंगण दिसे. सिदरा खाली उभी राहून बापाला पाढे म्हणून दाखवे, आणि चुकली की तो वरून पेन्सिल फेकल्याचे नाटक करी. हफ्सा जिन्यावर ताट ठेवून दार वाजवी आणि खाली जाई.

एके दिवशी नावेदने वरून विचारले, "हफ्सा, बोंबलाच्या कालवनाला मीठ नाय घातलंस काय? वासपन नाय कसला."

"वा! दोन वर्षांनी आलात आणि नावं ठेवता?" खालून उत्तर आले. आणि लगेच दोघांच्याही ध्यानात आले. वास येत नाही याचा अर्थ एव्हाना गावात सगळ्यांना कळत होता.

संध्याकाळपर्यंत त्याला ताप भरला. आरोग्य केंद्रातले लोक येऊन तपासणी करून गेले. अहवाल आला, नावेदला करोना झाला होता.

ते दिवस हसण्याचे नव्हते. नावेद बोटाला ते छोटे यंत्र लावून ऑक्सिजनचा आकडा बघे आणि खिडकीतून सांगे. डॉक्टर फोनवर औषधे सांगत. पण त्याला स्वतःच्या तापाची एवढी काळजी नव्हती. खाली हसनचाचा दम्याने खोकले, की हा वर ताडकन उठून बसे. तो खोकला थांबेपर्यंत याचा श्वास अडकलेला असे. मग तो माझ्याकडे येई, हातांना साबण लावी आणि चोळत चोळत म्हणे, "अब्बा, अम्मी, हफ्सा, सिदरा." नावे संपली तरी पाणी घेत नसे. परत पहिल्यापासून सुरू करी.

मी एक भांडे आहे, मला रडता येत नाही. पण त्या खोलीत मी रिकामी असतानाही जड झाले होते.

मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. नावेद खिडकीत उभा राहून वाट बघत होता. सिदरा अंगणात धावत आली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "पप्पा, कोनालाच नाय! दादांनापन नाय!" आजोबांना, म्हणजे हसनचाचांना, ती दादा म्हणते.

नावेद मटकन खाली बसला. तस्ताला धक्का लागून ते केवढ्याने वाजले. इतक्या वर्षांत त्याने काढलेला तो पहिलाच आवाज.

पुढे त्याचा ताप उतरला. अंगात जोर आला, बोंबलाचा वास आला आणि मीठ बरोबर असल्याचे त्याने हफ्सापाशी कबूल केले. डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा आंघोळ करून तो जिना उतरला. एका हातात मी, दुसऱ्या हातात तस्त. अजीजाने जिन्यावर ठेवलेल्या उकळत्या पाण्याने त्याने आम्हालाही न्हाऊ घातले होते.

हसनचाचा ओटीवर बसले होते. नावेद त्यांच्यापुढे बसला. त्याने तस्त खाली ठेवले आणि मला तिरपे केले.

"अब्बा, हात पुढं करा."

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले, की आयुष्यभर मी हसनचाचांच्या हातात होते, पण त्यांच्या हातांवर कधी माझी धार धरली गेली नव्हती. ते सगळ्यांना वाढून झाल्यावर मोरीत जाऊन स्वतःचे हात धुवायचे. त्या सकाळी ते हात पहिल्यांदा माझ्याखाली आले. सुरकुतलेले, तांदळाची पोती उचलून राकट झालेले, गरम, जिवंत हात. नावेदने सावकाश पाणी घातले. अजीजा दारात उभी होती. ती त्या हातांकडे बघत होती, नि मी तिच्याकडे.

मित्रांनो, त्या साथीत असे पाणी घालायला मुले आली आणि हात पुढे करायला कुणी उरलेच नव्हते, अशी घरे कितीतरी होती. म्हणून एका जुन्या भांड्याचे ऐका. पुन्हा कधी साथ आली, तर साबण लावून सगळ्यांची नावे घ्या. मास्क नाकावर घ्या, दाढीवर नको. लस मिळाली की घ्या. टॉवेल ज्याचा त्याला ठेवा, आणि आजारी असाल तर मागे सरका, समोर तुमचे सर्वांत लाडके माणूस उभे असले तरी. त्याला वाईट वाटेल, तुम्हालाही वाटेल. वाटू द्या. ते माणूस तुम्हाला पुढेही हवे आहे.

त्या दिवशी माझ्यातले पाणी संपले, तरी हसनचाचांनी हात मागे घेतले नाहीत. नावेदने सिदराला हाक मारली आणि मला परत भरून आणायला सांगितले.